डिस्क वाकलेली नाही, पॅड नीट रुळलेले नाहीत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: टर्बो पेट्रोल हॅचबॅक, पुढे डिस्क, मागे ड्रम. पुढचे कंपनीचे पॅड काढून परफॉर्मन्स पॅड टाकले, डिस्क जुन्याच ठेवल्या. दुसऱ्याच दिवशी चौघं सामानासकट पाचगणीला गेलात, येताना पसरणी घाट बराचसा ब्रेकवरच उतरलात आणि वाईत शिरताना गर्दीत ब्रेक दाबून उभे राहिलात. आता हजार-बाराशे किलोमीटर झाल्यावर ऐंशीच्या वर ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरतं. गॅरेजवाले म्हणतात डिस्क बेंड झाली, जोडी बदला. मित्र म्हणतो अजून दोनदा घाट उतर, आपोआप बसतील.

दोघांचंही लगेच ऐकू नका. तुम्ही जो क्रम लिहिलाय त्यातच उत्तर आहे: नवे पॅड, दुसऱ्या दिवशी घाट, आणि तापलेल्या ब्रेकवर पाय ठेवून उभं राहणं.

मी पुण्यात पंचवीस वर्षं ब्रेकचं काम करतोय. "डिस्क बेंड" म्हणून आलेल्या गाडीला मी आधी डायल गेज लावतो, म्हणजे डिस्क फिरताना किती डोलते ते काट्यावर दाखवणारं माप. खरोखर वाकलेली डिस्क फार क्वचित मिळते. गेजचा काटा हललाच तर बहुतेकदा दोष हबवरच्या (डिस्क आणि चाक ज्यावर बसतं त्या भागावरच्या) गंजाचा किंवा कसेही आवळलेल्या नटांचा निघतो. उरलेल्या गाड्यांत जे सापडतं ते एकदा नीट बघण्यासारखं आहे. गेल्या वर्षी तुमच्यासारखीच एक गाडी आली होती. चाक काढलं, डिस्कवर टॉर्च तिरपी धरली आणि हाताने डिस्क हळूहळू फिरवली. एका जागी करडा-निळसर डाग होता, बरोबर पॅडच्या आकाराचा. कडा इतक्या स्वच्छ उमटल्या होत्या की पॅडच्या मधोमध असलेली खाचसुद्धा त्यात उभ्या रेघेसारखी दिसत होती. मायक्रोमीटरने आठ ठिकाणी जाडी मोजली. सगळीकडे २१.४२ मिलिमीटरच्या आसपास, डागावर २१.४४. फरक दोन शतांश मिलिमीटर, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षाही कमी. पण चाक प्रत्येक फेऱ्यात तो उंचवटा पॅडखालून नेतं, पॅड दर वेळी किंचित मागे ढकलला जातो, आणि तो धक्का पॅडलपर्यंत आणि स्टिअरिंगपर्यंत पोचतो. शिवाय उंच जागा जास्त घासते, जास्त तापते आणि पॅडचा माल आणखी ओढून घेते. म्हणून ही थरथर पहिल्या दिवशी जाणवत नाही. हजारभर किलोमीटरनंतर जाणवायला लागते, आणि मग वाढतच जाते.

हा डाग कशाचा, हे कळलं की पॅड रुळवायचे म्हणजे नेमकं काय करायचं तेही कळतं. डिस्क बिडाची असते, आपल्या घावनाच्या तव्यासारखी. नवा बिडाचा तवा आणला की आपण तेल लावून तापवतो, निवू देतो, पुन्हा तेल लावून तापवतो. हळूहळू सगळीकडे सारखा थर धरतो आणि मग घावन सुटायला लागतं. घाई करून एकाच जागी आच लागली तर तिथे करपतं, आणि पुढचं प्रत्येक घावन तिथेच चिकटतं. ब्रेकचंही असंच आहे. पॅडमधले कठीण कण लोखंडाला खरवडून पकड देतात, तो एक भाग. दुसरा भाग तापल्यावर सुरू होतो: पॅडच्या मालाचा अतिशय पातळ थर डिस्कवर बसतो आणि पॅड त्या थराला धरतो. परफॉर्मन्स पॅडची खरी पकड या दुसऱ्या भागावर बरीच अवलंबून असते. रुळवणं म्हणजे हा थर संपूर्ण डिस्कभर सारखा चढवणं. पॅड "भाजून कडक करणं" अशी एक समजूत आहे, ती डोक्यातून काढून टाका.

नव्या पॅडची आणखी एक गोष्ट आहे आणि ती जिवाशी संबंधित आहे. पॅडचा माल बांधून ठेवायला फिनॉलिक रेझिन वापरतात. पॅड पहिल्यांदा चांगला तापतो तेव्हा त्या रेझिनमधून वायू सुटतो. तो वायू पॅड आणि डिस्कच्या मध्ये आला की पकड अचानक जाते. याला ग्रीन फेड म्हणतात. पॅडल कडक लागतं, तुम्ही पूर्ण जोर लावता आणि गाडी हवी तशी थांबत नाही. हा वायू मोकळ्या सपाट रस्त्यावर, समोर कोणी नसताना निघून जायला हवा. घाटाच्या वळणावर तो निघाला तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको.

तुमच्या त्या दिवसाचा हिशोब करून बघू. पाचगणी ते वाई उतार साधारण साडेपाचशे मीटरचा. चौघं आणि सामान धरून गाडी १४०० किलोची धरली तर उतरताना सुमारे ७५ लाख जूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. तीच गाडी ९० वरून २० पर्यंत एकदा हळू केली तर साधारण ४ लाख जूल. म्हणजे तो एक उतार अशा अठरा ब्रेकांइतका झाला, तेही अर्ध्या तासाच्या आत. यातला काही भाग इंजिन, हवा आणि टायर घेतात, पण तुम्ही वरच्या गिअरमध्ये ब्रेकवर उतरलात, त्यामुळे मोठा वाटा डिस्कलाच सोसावा लागला. पॅडचा पृष्ठभाग तेव्हा डिस्कला पुरता टेकलेलाही नव्हता. जिथे टेकला तिथेच सगळी उष्णता. मग वाईत पाय ब्रेकवर ठेवून उभे राहिलात आणि गरम पॅडने गरम डिस्कवर शिक्का मारला. म्हणून मित्राचा सल्ला मला अजिबात मान्य नाही. घाटात ब्रेक सलग दाबला जातो, मध्ये निवायला वेळ मिळत नाही, आणि थर सारखा चढायला तापणं आणि मोकळं फिरणं आलटून पालटून व्हावं लागतं.

आता पद्धत. पॅड ज्या खोक्यात आले त्यातला कागद आधी वाचा. प्रत्येक कंपनीचा माल वेगळा असतो. काहींच्या पॅडवर डिस्क खरवडून साफ करणारा खरखरीत थर लावलेला असतो, तो झिजेपर्यंत थोडा आवाज येतोच. कागदात काही वेगळं लिहिलं असेल तर तेच करा. पुढे सांगतोय ती रस्त्यावरच्या परफॉर्मन्स पॅडसाठी मी वापरतो ती पद्धत.

अर्धं काम गाडी हलवण्याआधी होतं, आणि गॅरेजात नेमकं तेच गाळलं जातं. डिस्क हबवरून उतरवायची आणि हबचा चेहरा तारेच्या ब्रशने चकचकीत करायचा. तिथे गंजाचा एक पापुद्रा राहिला तर डिस्क तिरकी बसते, आणि बाहेरच्या कडेला तो तिरकेपणा वाढून दिसतो. डिस्क बसवल्यावर डायल गेज लावायचा. ०.०५ मिलिमीटरच्या वर काटा फिरला तर डिस्क एक-दोन भोकं फिरवून पुन्हा बसवून बघायची, बऱ्याचदा तेवढ्यानेही फरक पडतो. जुनी डिस्क ठेवायची असेल तर जुन्या पॅडचा थर काढलाच पाहिजे. वेगळ्या मालाचा नवा पॅड जुन्या थरावर सारखा बसत नाही. १२० नंबरच्या पॉलिश पेपरने दोन्ही बाजू गोल-गोल घासून, ब्रेक क्लीनर मारून, स्वच्छ फडक्याने पुसायच्या. फडकं काळं यायचं थांबेपर्यंत. नवी डिस्क असेल तर तिच्यावर गंज धरू नये म्हणून तेल लावलेलं असतं, तेही धुऊन काढायचं. कॅलिपर म्हणजे पॅड धरून डिस्कवर दाबणारा भाग; तो ज्यांवर सरकतो त्या स्लाइडर पिना काढून पुसा आणि त्यांना रबराला चालणारं सिलिकॉन ग्रीस लावा. एक पिन जाम असेल तर आतला पॅड एकटाच घासत राहतो आणि तुमची सगळी मेहनत फुकट जाते. पॅडच्या चेहऱ्याला ग्रीसचे हात लावायचे नाहीत. जुनी धूळ कंप्रेसरच्या हवेने उडवू नका, क्लीनरने ओली करून पुसा. ती फुप्फुसात जायची गोष्ट नाही.

नट हाताने, एकाआड एक असे, टॉर्क पान्याने गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्याला आवळा. एअर गनने एक नट भरपूर आणि दुसरा कमी आवळला की डिस्कची बैठक बिघडते.

आणि हे विसरू नका: पॅड बदलताना, पॅडला दाबणारा कॅलिपरमधला पिस्टन आत ढकललेला असतो. गाडी जॅकवरून उतरवल्यावर, इंजिन सुरू करून, गिअर टाकण्याआधी पॅडल चार-पाच वेळा हळूहळू दाबा, वर घट्ट येईपर्यंत. हे न केल्यामुळे गॅरेजातून बाहेर काढतानाच गाडी भिंतीवर गेलेली मी स्वतः पाहिलीय. पिस्टन ढकलताना टाकीतलं ब्रेक ऑइल वर येऊन सांडतं का तेही बघा, कारण ते रंग खातं.

ब्रेक ऑइलची गोष्ट निघालीच आहे तर: दोन वर्षांपेक्षा जुनं असेल तर रुळवण्याआधी बदला. हे ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि आपल्या पावसाळ्यात, कोकणात तर जास्तच. डॉट ४ या ब्रेक ऑइलच्या दर्जाच्या मानकाप्रमाणे ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, आणि ठरावीक पाणी मुरल्यावर तो किमान १५५ असला तरी चालतो. फरक किती आहे बघा. डॉट ५.१ चे हेच आकडे २६० आणि १८०. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं. नाव जवळचं वाटलं तरी ते यात मिसळायचं नाही.

गाडी बाहेर काढल्यावर पहिले शंभरेक किलोमीटर शहरातच, अंतर ठेवून, हलक्या पायाने चालवा. पॅड डिस्कच्या आकाराला घासून टेकला पाहिजे. चाकाच्या फटीतून बघा. डिस्कवर आतल्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत पुसल्यासारखा सारखा पट्टा दिसला की तयारी झाली. मधेच गंजाची किंवा जुनी रेघ दिसत असेल तर अजून थांबा.

मग कोरडा दिवस, रविवारची पहाट, आणि असा रस्ता जिथे ९० चा वेग कायद्याने चालतो, मागे-पुढे दूरवर कोणी नाही, चढ-उतार नाही, मधून गाव नाही. द्रुतगती मार्ग त्यासाठी नाही. तिथे मागून येणाऱ्या ट्रकला तुम्ही मोकळ्या रस्त्यात ब्रेक का मारताय ते कळणार नाही. बरोबर एक जण न्या, त्याचं काम फक्त मागे बघण्याचं.

सुरुवातीला ६० वरून २० पर्यंत पाच-सहा वेळा, मध्यम दाबाने. यात फक्त सगळं सारखं कोमट होतं. मग ९० वरून २० पर्यंत आठ वेळा, घट्ट दाबाने. घट्ट म्हणजे किती? सीटबेल्ट छातीवर आवळल्याचा जाणवतो, डॅशवरची वस्तू सरकते, पण टायर ओरडत नाहीत आणि एबीएसची (चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) धडधड पायाला लागत नाही. एबीएस सुरू झालं की दाब तुटक होतो आणि थर ठिपक्या-ठिपक्यांनी बसतो. दाब सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा ठेवा. २० ला आलात की पाय पूर्ण उचला, ताबडतोब पुन्हा ९० पर्यंत वेग घ्या आणि पुढचा ब्रेक. पूर्ण थांबायचं नाही, एकदाही नाही. एकटा माणूस असलेली १२०० किलोची गाडी असेल तर अशा एका ब्रेकला पुढची प्रत्येक डिस्क साधारण ४०-५० अंशांनी तापते, मधल्या धावेत थोडी निवते, आणि आठव्या ब्रेकपर्यंत ती दोन-अडीचशे अंशांच्या पुढे गेलेली असते.

चौथ्या-पाचव्या ब्रेकला जळकट वास येईल, कदाचित चाकातून थोडा धूरही. घाबरू नका, ते रेझिन आहे. एखाद-दुसऱ्या ब्रेकला पकड किंचित कमी झाल्यासारखी वाटेल आणि नंतर परत येईल, आधीपेक्षा चांगली. पाय तेवढाच, गाडी मात्र जास्त जोरात थांबते. हा बदल पायाला स्पष्ट कळतो आणि आपण त्याचीच वाट बघत असतो. पण दोन गोष्टींतला फरक ओळखा. पॅडल कडक आहे आणि पकड नाही, तर पॅड फेड झालाय. ब्रेक मारणं थांबवा, मोकळं चालवून निवू द्या. पॅडल मऊ पडतंय, स्पंजसारखं खाली जातंय, तर ऑइल उकळलंय किंवा लाइनमध्ये हवा आहे. इथे काम बंद. गाडी सावकाश बाजूला घ्या, थंड होऊ द्या, आणि ऑइल बदलून हवा काढल्याशिवाय पुढे काही करू नका.

आठ झाले की पंधरा-वीस मिनिटं ६०-७० च्या वेगाने नुसतं चालवायचं, शक्यतो ब्रेकला हात न लावता, वेग गिअरने कमी करत. माझ्या मते सगळ्या प्रक्रियेत हाच टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण बहुतेक लोक इथेच चुकतात. आठ ब्रेक मारतात, खूश होतात आणि चहाच्या टपरीसमोर ब्रेक दाबून उभे राहतात. वाटेत सिग्नल लागलाच तर लांबूनच वेग टाका, आणि उभं राहावं लागलं तर सपाट जागी पाय उचलून गाडी इंच-इंच सरकू द्या. घरी आल्यावर हँडब्रेक ओढू नका. पहिल्या गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा आणि पूर्ण थंड होऊ द्या. गरम डिस्कवर पाणी तर चुकूनही मारू नका.

दुसऱ्या दिवशी डिस्क बघा. चकचकीत आरसा नको. सगळीकडे सारखी, किंचित निळसर झाक असलेली करडी छटा हवी, आणि पॅडच्या आकाराचा कुठलाही ठसा नको. छटा अजून फिकट किंवा पट्ट्यापट्ट्यांची असेल तर तीच फेरी आणखी एकदा करायची. पावसाळ्यात रात्रभर उभ्या गाडीच्या डिस्कवर लालसर गंज येतो, तो पहिल्या चार ब्रेकांत निघतो. तेवढ्यासाठी पुन्हा रुळवायची गरज नसते.

आता तुमची गाडी. क्रम असा ठेवा. पुढची चाकं काढून नट हाताने टॉर्कला आवळा आणि एक चक्कर मारा. कधी कधी एवढ्यावरच निभावतं. ब्रेक न मारताही थरथर असेल तर विषय व्हील बॅलन्सिंगचा आहे, पॅडचा नाही. थरथर सीटमधून येत असेल तर रिकाम्या रस्त्यावर ४० च्या वेगाला, बटण दाबून धरून, हँडब्रेक अगदी हळू ओढून बघा. तेव्हाही थरथरली तर मागचा ड्रम गोल राहिलेला नाही. यातलं काही नसेल तर गॅरेजवाल्यांना दोन आकडे मागा: डायल गेजवर किती, आणि आठ ठिकाणची जाडी किती. आकडे न देता "बेंड" म्हणणाऱ्याच्या शब्दावर डिस्क बदलू नका.

जाडीत फरक निघाला आणि डाग फिकट असला तर पॅड सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासा, डिस्कही घासा, आणि वरची सगळी प्रक्रिया पहिल्यापासून करा. बहुधा सुटेल. डाग गडद निळा-काळा असेल आणि पॉलिश पेपर त्यावरून घसरत असेल, तर तिथे डिस्क साधारण सातशे अंशांपर्यंत तापून बिडाचं सिमेंटाइट झालंय. ते मूळ धातूपेक्षा खूप कठीण असतं आणि आतपर्यंत मुरलेलं असतं. लेथवर वरचा थर निघतो, पण काही दिवसांनी तोच उंचवटा परत येतो. अशा वेळी मीही नवी जोडीच सांगेन. लेथला द्यायचीच असेल तर डिस्कच्या कडेवर किमान जाडी कोरलेली असते ती आधी बघा. नव्या डिस्कपासून तिथपर्यंत साधारण दोन-तीन मिलिमीटरचीच मुभा असते.

शेवटी पॅडबद्दल. काही पॅडच्या कडेवर दोन इंग्रजी अक्षरं असतात, एफएफ, जीजी अशी. पहिलं अक्षर साध्या तापमानाला किती पकड, दुसरं तापल्यावर किती. ई म्हणजे घर्षण गुणांक ०.२५ ते ०.३५, एफ ०.३५ ते ०.४५, जी ०.४५ ते ०.५५. ती बघून मला कळवा. ट्रॅकचे पॅड कोणी तुम्हाला विकले असतील तर कितीही नीट रुळवले तरी सकाळी थंड ब्रेकला, सोसायटीच्या गेटवर, ते कंपनीच्या पॅडपेक्षा कमीच धरतील. कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवे या रेसिंग ट्रॅकवर जाणाऱ्या माझ्या गिऱ्हाइकांना मी दोन जोड ठेवायला सांगतो, आणि जोड बदलला की दर वेळी डिस्क घासून पुन्हा रुळवायला लावतो. तुम्हाला रोज ऑफिस आणि महिन्यातून एकदा घाट असेल तर रस्त्याचाच पॅड हवा. आणि पुढच्या वेळी पसरणी उतरताना ज्या गिअरने चढलात त्याच गिअरने उतरा, ब्रेक थोडा दाबून पूर्ण सोडत सोडत.